इस्त्रीचा हात आणि बाबांचा गाल

ती. काकांस,

साष्टांग नमस्कार. (साष्टांगात हनुवटी जमिनीला टेकते म्हणतात. माझी सध्या कशालाच टेकवता येत नाही, तेव्हा नमस्कार उभ्यानेच घातलाय असं समजावं.) तुमचा गुडघा कसा आहे? काकूंना नवा चष्मा मानवला का? इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिलं.

बाबांचा उजवा हात थरथरतो हे फोनवर सांगितलंच होतं. चहा ते डाव्या हाताने पितात, पण दाढी काही डाव्या हाताने जमेना. न्हाव्याकडे जाणार नाहीत, कारण तो फार बोलतो. विजेच्या मशीनला ते भुणभुण म्हणतात. त्यांना हवा तो त्यांचाच जुना, ब्लेड घालून आवळायचा रेझर. आणि दाढीचे खुंट घेऊन बाबा कधी लाँड्रीत गिऱ्हाइकासमोर बसलेत, असं तुम्ही तरी पाहिलंय का? तेव्हा मी म्हणालो, त्यात काय, मी करतो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. कारण मिसरूड फुटल्यापासून मी दाढी राखलेली. रेझर कधी हातात धरला असेल तर शपथ.

आता काका, जन्मभर लाँड्रीत उभा राहिलेला माणूस मी. माझ्या हाताला एकच विद्या येते. पाणी शिंपडायचं, दाबायचं आणि चुणी जाईपर्यंत त्याच जागेवरून पुढे-मागे फिरवायचं. बाबांच्या गालावर मी नेमकं तेच केलं. (सुरकुती दिसली की हात आपोआप जोर लावतो हो, त्याला मी तरी काय करू?) बाबा आरशात बघून चांगली झाली म्हणाले. संध्याकाळपर्यंत गाल लालबुंद, मानेवर पुरळ, आणि रात्री उशीवर कूस बदलता येईना. पुढच्या वेळी साबण-पाणी घेऊन गेलो तर म्हणाले, राहू दे, वाढवूनच बघतो. तेव्हापासून दुकानातली त्यांची खुर्ची रिकामी आहे. मागच्या खोलीत बसून कपड्यांना चिठ्ठ्या टाचतात आणि कोणी हाक मारली तरी बाहेर येत नाहीत. मला फार वाईट वाटतं, काका. माझ्याच बापाला मी माझ्याच हाताने आत कोंडलं.

म्हणून शिकण्यासाठी मी स्वतःची दाढी काढली. (तुमच्या सुनेने मला बघून कोण हवंय म्हणून विचारलं. चेष्टेत विचारलं असं मी धरून चाललोय.) माझाही गाल मी तसाच दाबून काढला, उलट-सुलट, फेस संपला तरी. मग आग शमावी म्हणून वासाचं लोशन चोळलं, म्हणजे आगीतून फुफाट्यात. त्या दिवशी शाळेतल्या एक बाई कपडे घेऊन आल्या, माझ्या तोंडाकडे बघून हे पसरतं का म्हणाल्या, आणि गाठोडं तसंच चुरगळलेलं परत घेऊन गेल्या.

आता कळलंय सगळं. आधी गरम टॉवेल ठेवून केस मऊ होऊ द्यायचे, फेस मुरू द्यायचा, ब्लेड नवं घ्यायचं. रेझर त्याच्या वजनानेच चालू द्यायचा, केस ज्या बाजूला वाढतात त्याच बाजूने, छोटे छोटे हात. फेस गेलेल्या जागेवर परत जायचं नाही. शेवटी गार पाणी, आणि लोशनच्या वाटेला जायचं नाही. मला तोंडपाठ आहे. हाताला मात्र अजून पटलेलं नाही. माझं लक्ष जरा ढळलं की तो इस्त्रीवर जातो.

काकूंना नमस्कार.

तुमचा पुतण्या

ता. क. : पत्राचं खरं कारण लिहायचं राहिलं. माझ्या गालावर आता शिकायला जागा उरलेली नाही. तुमची दाढी बाबांसारखीच राठ, आणि सुरकुत्याही आता जवळपास तेवढ्याच (राग नसावा). तर थोडे दिवस दाढी वाढवून इकडे येऊन जाल का? तुमच्यावर हात बसला की बाबांना विचारायला मला तोंड राहील.

ता. क. दुसरा : पाकिटाला डिंक लावत होतो, तेवढ्यात बाबा मागे येऊन उभे राहिले. काकाला काय एवढं लिहितोस म्हणून विचारलं. खोटं बोलवेना, सांगून टाकलं. त्यांनी थरथरता हात माझ्या गालावरून फिरवला. म्हणाले, "आग झाली म्हणून नाही थांबवलं रे तुला. तुझा हात माझ्यापेक्षा जास्त थरथरत होता, ते बघवेना. घाबरलास की तू दाबतोस." मग स्वतःच टॉवेल गळ्याशी खोचून खुर्चीत बसले.

पाणी तापत ठेवलंय. काका, तुम्ही या, पण दाढी घरूनच करून या.