शनिवारनंतर बोलू

शनिवार, ता. १२

आले एकदाची दादाकडे! कीबोर्ड जिन्यावरून चढवताना कंबरेचा काटा ढिला झाला. दादा म्हणाला, "दरवर्षी हे धूड उचलून आणतेस, इथेच का नाही ठेवत?" ठेवायला मी वेडी नाही. दादाची लेक सगळी बटणं दाबून बघेल, आणि नेमकं नको तेच तिला सापडेल.

ताई-भाऊजी आधीच आलेत. ताई फार वाळलीय. मिठी मारली तर खांद्याची हाडं लागली. आवाज बसलेला. "वर्गातल्या पोरांवर ओरडून," म्हणाली. इतकी वर्षं ओरडतेय, आणि बसायला आताच मुहूर्त मिळाला?

जेवायला दादाने मासे भाजले होते. बेकरीवाला खरा, पण मासे असे करतो की बोटं चाटत राहावं. सगळे एकदम बोलत होते, नेहमीसारखं कोणी कोणाचं ऐकत नव्हतं. ताई मात्र घासागणिक पाणी पीत होती.

रविवार, ता. १३

त्या बटणाचं लिहून टाकते, म्हणजे डोक्यातून जाईल.

सुट्टीच्या आठवड्याची शेवटची संध्याकाळ म्हणजे ताईचं गाणं. खालच्या हॉलमध्ये नातेवाईक जमतात, इमारतीतले लोक खुर्च्या घेऊन येतात. ती गाते, मी वाजवते. तीन वर्षांपूर्वी तालमीत तिचा वरचा सूर चिरकला. चेहरा एवढासा झाला तिचा! ती चहा घ्यायला गेली तेव्हा मी कीबोर्डची पट्टी खाली करायचं बटण एकदा दाबलं. बोटं नेहमीच्याच जागी, सूर मात्र जरासा खालचा. परत आली आणि मोकळी गायली. "बघ, घसा तापायला वेळ लागतो!" म्हणाली. पुढच्या वर्षी दोनदा दाबलं. गेल्या वर्षी तीनदा.

दुकानातही मी दुसरं काय करते? कपडे सैल करून द्यायचे, आणि आतलं मापाचं लेबल तेच ठेवायचं. बायका आरशासमोर वळून वळून बघतात. "अजून तोच साइझ येतो मला!" येतो बाई, येतो. कोणाचं काय जातं?

आज तालमीत पाच वेळा दाबलं. एका वर्षात एकदम दोन.

सोमवार, ता. १४

मावशीकडे जेवण. सूप, भाजलेली कोंबडी, बटाटे, वर दोन प्रकारचे केक. मावशीच्या घरातून पोट धरल्याशिवाय कोणी बाहेर पडत नाही. "खा गं," ताईला म्हणाली, "वाऱ्यावर उडून गेलीस तर जावयाला दगड बांधावा लागेल तुला!" सगळे हसले. भाऊजी नाही हसले. ताई आपल्या ताटातलं हळूच त्यांच्या ताटात सरकवत होती आणि ते मान खाली घालून खात होते. घड्याळं दुरुस्त करणारा माणूस, बोलणं मुळातच कमी.

परत आल्यावर वहिनीने विषय काढलाच. ती नर्स आहे, तिला असलं दिसतं. "ताई, किती दिवस बसलाय घसा? इतके दिवस राहिला की दाखवायचा असतो. उद्या चला माझ्याबरोबर."

ताई म्हणाली, "अगं, घसा बिघडला असता तर मी गायले असते का? दरवर्षी त्याच पट्टीत गाते मी. एक सूर इकडचा तिकडे नाही. विचार हिला!"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, "हो."

वहिनीने विषय सोडला. माझ्या एका "हो"वर!

मंगळवार, ता. १५

दिवसभर डोकं दुखलं. कोणाशी धड बोलले नाही. भाचीवर उगाच खेकसले.

बुधवार, ता. १६

यंदा साथीला व्हायोलिन आहे. वरच्या मजल्यावरचे काका, दादाने परस्पर बोलावलेले. आले, तारा जुळवल्या, माझ्या बोटांकडे बघितलं, मग कान कीबोर्डकडे केला. तालीम संपेपर्यंत काका त्याच सुरात वाजवत राहिले. ताई आत गेल्यावर म्हणाले, "तुमची बोटं एक सांगतात आणि सूर दुसरंच. पाच घरं खाली. बाईंना माहीत आहे ना?"

मी म्हणाले, "तिला वाईट वाटू नये म्हणून."

"हं," म्हणाले. पेटी बंद करून उठले. दारापाशी थांबले. "माझी बायको बहिरी होत चालली होती. मी नुसता मोठ्याने बोलत राहिलो. तिला आपलं वाटत राहिलं, सगळं ठीक आहे."

भला माणूस. पण माझी झोप घेऊन गेला.

गुरुवार, ता. १७

आज सांगायचंच ठरवलं होतं. शनिवारचा ड्रेस मी गेल्या वर्षीच्या मापाने शिवून आणलाय. ताईला घातला तर पोत्यात काठी घातल्यासारखा! दोन्ही बाजूंनी टाचण्या लावत बसले. ताई आरशात बघत होती, माझ्याकडे नाही.

"चिमणे, मला आणखी दोन ड्रेस शिव. घाई नाही. गळाबंद हवेत, कॉलर चांगली उंच."

हिला कधीपासून गळाबंद आवडायला लागलं? जन्मभर म्हणत आली, गळ्याला कापड लागलं की गुदमरतं. मी म्हणाले, "बरं." मग हिंमत केली. "ताई, तुझ्या आवाजाचं मला एक बोलायचंय—"

तिने झटकन माझ्या तोंडावर हात ठेवला. लहानपणी ठेवायची तसाच. "काहीही असो. शनिवारनंतर बोलू."

"पण ताई—"

"शनिवारनंतर म्हटलं ना!" आणि खोकला आला तिला. थांबेचना. मी पाठ चोळत राहिले. नुसती हाडं हाताला लागत होती.

हेकटच आहे. सांगून पटणारी नाही. कोणाला घाबरत असती तर कान धरून नेता आलं असतं, पण घाबरते कोणाला?

शुक्रवार, ता. १८

सगळे मिळून बागेत बँड ऐकायला गेलो. दहा-बारा वाजवणारे, उन्हात घामाघूम, आणि तरी काय जोर! पोरं नाचत होती. दादाही नाचला, बेकरीतल्या कणकेसारखा. ताई खुर्चीत डोळे मिटून बसली होती आणि गालांवरून पाणी वाहत होतं. मी विचारलं तर म्हणाली, "ऊन लागतंय." सावलीत बसली होती!

घरी येताना प्रत्येकाला विचारत होती, उद्या तुझ्यासाठी कोणतं गाणं म्हणू? मावशीला, दादाला, वहिनीला. भाचीला म्हणाली, उद्याचं सगळं फोनवर रेकॉर्ड कर. हे नवीनच. स्वतःचं रेकॉर्डिंग ऐकायला तिला आजवर कधी आवडलं नाही.

माझं ठरलंय. तोंडाने सांगून ऐकत नाही ना? तिचा आवाजच सांगेल. उद्या बटण दाबणार नाही. लोकांना काय कळणार, बसलाय म्हणतील, एवढंच. पण तिला कळेल. मग परवा सकाळी वहिनीबरोबर निमूट जाईल. तिच्या भल्यासाठीच तर.

शनिवार, ता. १९

हॉल भरला होता. मी सुरुवातीचा सूर दिला, खरा, वरचा. ताईने तो ऐकला आणि वळून माझ्याकडे बघितलं. राग नव्हता त्यात. काय होतं ते कळत नाही. मला वाटलं थांबेल, म्हणेल, खाली घे. नाही म्हणाली. समोर बघितलं आणि गायला लागली.

मावशीचं गाणं. पहिलं कडवं कसंबसं निभावलं. वर जायची ओळ आली आणि आवाज फाटला. नुसता चिरकला नाही, फाटला! मग हवाच. तोंड उघडं, आणि आवाज नाही. मी वाजवतच होते. बटण बोटाजवळच होतं आणि मला दाबता येईना. व्हायोलिनवाल्या काकांनी पुढे सरून ओळ उचलली आणि गाणं एकट्याने पुरं केलं. ताईने दोन्ही हात जोडले. हसली. पुटपुटली, "आज एवढंच." टाळ्या मोठ्या वाजल्या. त्या टाळ्यांची मला शिसारी आली.

दादाचं गाणं राहिलं. वहिनीचं राहिलं.

रविवार, ता. २०

उठले तेव्हा ताई-भाऊजी निघून गेले होते. वहिनी म्हणाली, "डॉक्टरचं बोलले मी. 'जाणारच आहे' म्हणाल्या." म्हणजे झालं की माझ्या मनासारखं! मग घास का उतरत नाही? दादाने केक केला होता, तसाच पडून आहे. भाचीने विचारलं, "आत्या, ते रेकॉर्डिंग ठेवू की पुसू?"

सोमवार, ता. २१

घरी. दोनदा फोन लावला. ताई उचलत नाही.

मंगळवार, ता. २२

भाऊजींचा फोन आला. येत्या सोमवारी ताईचं ऑपरेशन आहे. स्वरयंत्र काढणार. तारीख सुट्टीच्या आधीच ठरलेली, ताईनेच मागून घेतलेली. कोणाला सांगायचं नाही, शनिवारचं गाणं होऊ दे, मग सांगू, असं तिचं ठरलं होतं. आणि बटणाचं तिला पहिल्या वर्षापासून माहीत होतं. "यंदाही तू दाबशील, या भरवशावर उभी राहिली होती गं ती," भाऊजी म्हणाले. रागावून नाही. रागावले असते तर बरं झालं असतं.

मी नुसती रडत होते. मागून ताईचा तो घोगरा आवाज आला.

"रडू नकोस म्हणावं तिला. रविवारी सगळ्यांना घेऊन ये. कीबोर्डपण आण, दादाचं आणि वहिनीचं राहिलंय. आणि या खेपेला सहा वेळा दाब. पाचलासुद्धा जड जात होतं मला."