नांबुराचा तलाव आणि गंड्रीचा पंप

नांबुरा, रविवार

प्रिय थेल्माताई,

तुला आणि लेसदाजींना धाकट्या क्लॅरीचा नमस्कार. दाजींचा गुडघा आता काय म्हणतो? इकडे सगळं ठीक. मेंढ्या जगून आहेत, जानेवारीचा उकाडा नेहमीसारखा मरणाचा आहे, आणि मी एकाहत्तराव्या वर्षी रोज चड्डीवर गावातून फिरतो. घाबरू नकोस, डोकं ठिकाणावर आहे. कारण सांगतो.

तुमच्या गंड्रीचं आणि आमच्या नांबुराचं कौन्सिल एक केलं, तेव्हा दोन्ही गावांचं भलं होणार असं सांगितलं होतं. झालं काय? कचेरी गंड्रीला, वाचनालय गंड्रीला, रस्ते सपाट करायचं यंत्रसुद्धा गंड्रीला (आमच्या रस्त्यावरून ते शेवटचं धावलं, ते तुमच्याकडे जाण्यासाठी). आमच्या वाट्याला वेशीवर एक पाटी आली, 'सनी प्लेन्स कौन्सिल आपलं स्वागत करते'. तिला कुणीतरी बंदुकीने भोकं पाडलीत. मी नाही, मला हल्ली इतकं नीट दिसत नाही. आता तिथले नवे मॅनेजर प्रेन्टिससाहेब (माणूस शहरातला, बूट पांढरे) म्हणतात, दोन गावांना पोहायचा तलाव एकच पुरे. जानेवारी संपेपर्यंत ज्या तलावावर जास्त माणसं येतील तो राहणार, दुसरा मातीने बुजवणार.

ताई, मला हे सहन होणार नाही. आपला भाऊ रॉय शेततळ्यात बुडाला, त्याला बाहेर काढलं तो दिवस तूही विसरली नसशील. त्यानंतरच गावाने वर्गणी काढून हा तलाव बांधला, आणि माझ्या एव्हिसने गावातलं एकूणएक पोर त्यात तरंगायला शिकवलं. पाठीखाली हात धरायची आणि म्हणायची, "पोट वर, आभाळाकडे बघ." ती गेली तरी पोरं अजून तसंच म्हणतात. तलाव बुजवला तर हीच पोरं उन्हाळ्यात शेततळ्यात उतरणार. मी जिवंत असेपर्यंत ते होऊ देणार नाही.

म्हणून सगळं गाव पाण्यात उतरलंय. चर्चच्या बायकांची सभा उथळ भागात भरते, चहा काठावर. दारूच्या गुत्त्यावरची मंडळी ट्रॅक्टरच्या ट्यूबवर बसून पत्ते खेळतात (पत्ते भिजले की डाव कोण जिंकला यावर भांडणं, पण ती कोरड्या जागीही होतातच). कुणीतरी मेंढ्यांची कुत्री आणली, ती दारावरच्या डोरीनने मोजायला नकार दिला. एकदा बाहेर पडून पुन्हा आत आलं तर पुन्हा मोजशील का, असं मी तिला विचारलं. तिने चष्म्यावरून बघितलं आणि पेन्सिल कानामागे खोचली. मी तर, तुला ठाऊकच आहे, पोहायला शिकवणारीचा न पोहणारा नवरा. पहिल्या दिवशी शिडीवरून पाय घसरला आणि मला पाद्रीबाबांनी केसांना धरून वर काढलं. केस फार नाहीत, त्यामुळे ते कठीण गेलं. आता कमरेएवढ्या पाण्यात भिंतीला धरून येरझाऱ्या घालतो.

आणि हे सगळं ऐन रंगात आलेलं असताना बातमी आली की तुमच्या तलावाचा पंप बिघडला आणि तलाव बंद झाला. गुत्त्यात लोकांनी टाळ्या वाजवल्या. खोटं कशाला बोलू, मीही वाजवल्या. पण आपल्याकडची रीत तुला माहीत आहे. शेजारच्या गावाचा पंप बंद पडला की आधी हत्यारांची पेटी गाडीत टाकायची, वैर नंतर. शिवाय दोन्ही गावांनी पंप एकाच वर्षी घेतलेले, आणि ते उघडायला येतात ते आता मला एकट्यालाच. गेलो. दिवसभर तेलात बरबटलो. तुमच्या रखवालदाराच्या, मर्व्हच्या, बायकोने जॅम लावलेले स्कोन आणून दिले, आणि मर्व्ह माझा हात धरून म्हणाला, "क्लॅरी, तू नसतास तर आमचं काही खरं नव्हतं." मला गहिवरून आलं. पंप आता तयार आहे, फक्त एका सुट्या भागासाठी अडलाय. तो मिळाला की सुरू.

असो. दाजींना सांभाळ. उन्हात टोपीशिवाय फिरू नका.

तुझा भाऊ,
क्लॅरी

ता. क. बुधवारी मोजणीचा शेवटचा दिवस. रोज सकाळी पोहणाऱ्या तुझ्या सगळ्या मैत्रिणींना घेऊन इकडे ये. तुमचं पाणी बंदच आहे, आणि इथे चहा फुकट आहे. तुमचा तलाव गेला तरी तुमच्याकडे मोठ्या शाळेचा छताखालचा तलाव आहे, आमच्याकडे शेततळी आहेत.

ता. क. २. तो सुटा भाग म्हणजे एक बोल्ट. तो माझ्या खिशात आहे. मर्व्हने हात धरला तेव्हाही खिशातच होता.

ता. क. ३. स्कोन खाल्ल्यापासून मन खातंय. म्हणून ठरवलं, तुमची वस्तू तुम्हाला परत करायची. हे पत्र पाववाल्या नेव्हिलच्या गाडीने पाठवतोय, उद्या सकाळी तुझ्या हातात पडेल. बोल्ट मात्र मर्व्हच्या नावाने रीतसर पोस्टात टाकतोय. कौन्सिलं एक झाल्यापासून आपल्या दोन गावांमधलं टपाल शहराला वळसा घालून येतं, हे प्रेन्टिससाहेबांना ठाऊक असेलच. शुक्रवारी पोचेल.