कॉलेज सोडल्याचं खरं कारण

बाबा,

"घरासाठी पोरानं कॉलेज सोडलं," असं तुम्ही छाती फुगवून सगळ्यांना सांगता. साफ खोटं आहे ते! चष्म्याच्या दुकानात काउंटरवर ती बसायची, म्हणून मी मागच्या खोलीत काचा घासायला लागलो. "काचेकडे बघा हो, माझ्याकडे नको," असं ती चिडवायची.

सोमवारी तिनं हसत स्वतःची लग्नपत्रिका हातात दिली. मी तिथल्या तिथे ॲप्रन फेकला. निघताना पुढच्या कामाच्या पाकिटावर तुमचं नाव दिसलं. मालक घाईत उरकतील आणि तुमचं डोकं दुखत राहील, या विचारानं पाय निघेना. परत बसलो, दुपारभर तुमच्याच काचा घासल्या.

आज तो चष्मा लावून तुम्ही माझ्याकडे बघितलंत. "किती वाळलास रे!" म्हणालात. मग खिशातलं हे पत्र काही देववेना; या ओळी आता खाली जोडतोय. नोकरी मात्र सोडत नाही.

तुमचाच,
डोकेफिरू