पाटावरच्या पिना

रुख्मा,

दादाच्या विलायती मोटारीच्या ब्रेकसाठी लकडगंजातून जुळवून आणलेल्या नव्या पिना आत्ता पूजेच्या पाटावर दिसल्या वं. खंडेनवमीची पूजा उठेपर्यंत पाटावरचं काही हलवाचं नाही, म्हणून मी झिजलेल्या पिनाच परत बसवल्या होत्या. सकाळी दादा आपल्या दोघाईच्या बेबीले घेऊन रामटेकले निघाला, तरी त्या बदलाच्या राहिल्या हे ध्यानात आलं नाही. गड उतरताना पिन निसटली तर ब्रेकच लागनार नाही. नव्या पिना घेऊन मी बसनं त्याईच्या मागं चाललो. मायले यातलं काही सांगू नको.

जाताना दादानं विचारलं होतं, ‘ब्रेक झाले का गा?’ मी बेबीले कडेवरून उतरवून त्याच्या बाजूले बसवलं अन् म्हणलं, ‘झाले.’

शालिकराम