मासळी पळवणारं मांजर

ट्युनिस, १४ मार्च

प्रिय सुंदुस,

सलाम. तू आणि लेक मजेत असाल. आईचं म्हणशील तर उम्मीचे गुडघे कुरकुरतात, जीभ मात्र ठणठणीत आहे. तिकडे स्फाक्सला थंडी ओसरली का?

दोन वर्षांनी पत्र आणि त्यात हवापाणी, म्हणून हसशील.

जानेवारीत माझ्या हातात चित्रांचं एकही काम नव्हतं. ईमेल कुणी उघडत नाही, तेव्हा ठरवलं, प्रकाशकांच्या हातातच काहीतरी द्यायचं. घडीचं कार्ड केलं. उघडलं की मासळीवाल्याची गाडी उभी राहते, पट्टी ओढली की मांजर उडी मारून तागडीतली तारली पळवतं. अशी तीस कार्डं, सगळी हातानं कापून रंगवलेली. उम्मी म्हणायची, "एवढी शिकलीस, आणि मांजराला चोरी शिकवतेस?"

मांजर उडी मारायचं, पण परत यायचं नाही. कागदाचा सांधा तिसऱ्या ओढीला फाटायचा. आठवडाभर डोकेफोड केली. मग मेण लावलेला दोरा सुचला आणि जमलं.

इथपर्यंत लिहून उठले. उम्मीला चहा दिला, भांडी घासली. आता खरं लिहिते.

दोरा मला सुचला नव्हता. आपण एकत्र काम करायचो तेव्हाची तुझी वही माझ्याकडेच राहिली होती. तू दोनदा मागितलीस, मी "सापडत नाही" म्हणाले. ती कपाटातच होती. त्यात तू दोऱ्याची आकृती काढून ठेवली होतीस. मी ती जशीच्या तशी उचलली आणि प्रत्येक कार्डामागे 'कल्पना, चित्रं, रचना : शिराज' असं लिहून ती तीस प्रकाशकांना दिली.

त्यांतल्या मुलांची पुस्तकं काढणाऱ्या लमजदसाहेबांनी परवा बोलावलं. "पट्टी ओढण्यात आमचं सगळं ऑफिस गुंतलंय," म्हणाले. "असंच पुस्तक करू या. हा दोरा सुचला कसा?"

काहीही सांगता आलं असतं.

"तो माझा नाही. माझ्या मैत्रिणीचा आहे."

"मग नाव एकच का?"

"मी तिचं लिहिलं नाही, म्हणून."

मी पिशवी उचलली. ते म्हणाले, "बसा. लाज वाटतेय ना, इथे बसून वाटू द्या, चहा येतोय. त्या बाईंना विचारा. त्या हो म्हणाल्या तर दोन नावांनी पुस्तक. नाही म्हणाल्या तर दोरा वापरायचा नाही."

घरी आले. उम्मीनं विचारलं, "मिळालं काम?" "माहीत नाही," म्हटलं आणि दोन ताटल्या कुसकुस खाल्लं. किती दिवसांनी घास नीट उतरला!

बाकीच्या एकोणतीस जणांना तुझं नाव कळवलं आहे. सोबत वही पाठवते आहे. ती तुझीच, तिच्यासाठी उत्तर द्यायची गरज नाही. पुस्तकाला तू नाही म्हणालीस तरी मी रागावणार नाही. मला हलकं वाटतंय ते कामामुळे नाही.

खाली एकटीचंच नाव घालते, कारण ही लबाडी खरोखरच माझ्या एकटीची होती.

शिराज