साठ दिवस

६ ऑक्टोबर
"'लवकरात लवकर' लिहू नकोस, आकडा लिही!" पंधरा वर्षांपूर्वी बाई म्हणाल्या होत्या. त्या सभागृहाच्या सदस्य, मी त्यांच्या कार्यालयात नवी. कायद्याच्या मसुद्यात मी टंकलं होतं — राष्ट्राध्यक्षांनी सैन्य बाहेर पाठवलं आणि सभागृहानं मंजुरी दिली नाही, तर ते लवकरात लवकर परत आणावं. बाईंनी ओळ खोडली. मंजुरीसाठी साठ दिवस. नाही मिळाली, तर परतायला तीस. बस.

तेव्हा लेक सात वर्षांची. माझ्या टेबलाखाली बसून चित्रं काढायची. आज ती सीमेपलीकडे सैन्याची रुग्णवाहिका चालवते. सैन्य पाठवल्याला आज एकोणपन्नासावा दिवस.

बाईंना वाटतं, ती अजून शहरातल्या रुग्णालयाचीच गाडी चालवते. मी सांगितलेलं नाही. सांगितलं असतं तर भाषण लिहिताना प्रत्येक ओळीत त्यांना माझी पोर दिसली असती. ते नको.

९ ऑक्टोबर
लेकीचा फोन. दोनच मिनिटं. "आई, जेवलीस का?" — हे तिनं मला विचारायचं!

१२ ऑक्टोबर
राष्ट्राध्यक्षांकडून पत्र. मधे अकरा दिवस तोफा बंद होत्या, म्हणून ते मोजायचे नाहीत म्हणे! अकरा दिवस सरळ गिळले.

बाई त्यांच्याच पक्षाच्या. त्यामुळे दुपारी पक्षाचा प्रतोद येऊन बसला. मतं गोळा करणं हेच त्याचं काम. आवाजात नुसता मध.
"अकराच तर दिवस, बाई. एवढं काय ताणता?"
"मग तूच राहून ये ना तिथे अकरा दिवस. डबा मी पाठवते."
तो हसला. मग हसायचा थांबला. "पुढच्या खेपेला उमेदवारी विसरा."
"विसरले. चहा घेणार?"

मी दाराआड उभी. टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या!

१४ ऑक्टोबर
समितीची बैठक. बाईंच्या मागच्या खुर्चीवर मी, मांडीवर कागद. सरकारी वकील तासभर बोलला. लढाई म्हणजे काय, शांतता म्हणजे काय... दोघं सदस्य पेंगले.

बाईंनी वकिलाकडे पाहिलंच नाही. सेनापतींना विचारलं, "त्या अकरा दिवसांत तुमच्या सैनिकांनी हेल्मेट काढली होती?"
वकील सेनापतींच्या कानाशी वाकला. त्यांनी हातानंच त्याला बाजूला केलं.
"नाही, बाई. मीही काढलं नव्हतं."
"मग ते दिवस मोजायचे."

एवढंच. पेंगणारे ताठ बसले. अकराच्या अकरा दिवस परत आले. खुर्ची जाईल हे ठाऊक असून बाईंनी विचारलं आणि नोकरी जाईल हे ठाऊक असून त्या माणसानं खरं सांगितलं. अशी माणसं मी जवळून बघितली.

१७ ऑक्टोबर
साठावा दिवस. मंजुरीचा ठराव चार मतांनी पडला! बाईंनी स्वतःच्या पक्षाविरुद्ध हात वर केला. सगळं सैन्य परत येणार.

मी स्वच्छतागृहात जाऊन रडले. बाहेर आले तर बाई उभ्या. "एवढं काय? जिंकलो आपण! तोंड धू, पत्रं टंकायची आहेत."

२० ऑक्टोबर
लेकीचा फोन. परतीची यादी लागली. माघारीच्या रस्त्यावर हल्ले सुरू झालेत. रुग्णवाहिका सगळ्यांत शेवटी निघणार. "वाटेत कुणी जखमी झालं तर आणायचं कोणी, आई?"

उद्या बाईंना सगळं सांगणार. सेनापती त्यांचा शब्द टाळणार नाहीत. पण एका आईसाठी यादी बदला असं बाई कुणाला म्हणणार नाहीत. म्हणाल्या तर त्या बाई कसल्या! चष्मा काढतील, माझा हात धरतील आणि नाही म्हणतील.

तरी विचारणार — बाई, तिला पहिल्या गाडीत बसवा. एक फोन कराल?