बाजारापुरती बॅटरी

३ फेब्रुवारी
आजपासून कोणालाही नावं ठेवायची नाहीत, असं देवापुढे ठरवलं. ह्यांची मोटारसायकल काही माणसात मोडत नाही, तेव्हा तिला डबडं म्हणायला हरकत नसावी. पेट्रोल पिते, धूर ओकते आणि दर रविवारी ह्यांना पुलापलीकडे वन्संकडे नेते. वन्संनी छपरावर सोलर बसवलंय. फुकट वीज म्हणून मिरवतात. मी बोलत नाही.
ठरलं. इंजिन काढून मोटर-बॅटरी बसवायची. घरच्या घरी. मॅट्रिकला ‘वीज’ हा धडा मला तोंडपाठ होता.

६ फेब्रुवारी
मेकॅनिक म्हणाला, छोट्या बॅटरीत बाजारात जाऊन परत याल. पुलापलीकडे गेलात तर तिकडेच अडकाल. देवच बोलला त्याच्या तोंडून. छोटी घेतली. निव्वळ काटकसर. वन्संचा यात काही संबंध नाही.
ह्यांनी एवढंच विचारलं, जायला तरी पुरेल ना? भोळा जीव.

११ फेब्रुवारी
इंजिन उतरवलं. ह्यांना पाना कुठून धरतात तेही मीच दाखवायचं. नट उलटा पिळत होते. मी सांगितल्यावर दुसरीकडून पिळला, तर तुटला. नटच हलका होता.
इंजिन लगेच भंगारात दिलं. हातगाडी वळेपर्यंत हे दारात उभे. लोखंडासाठी तोंड पाडणारा नवरा माझ्याच नशिबी.
जप राहिला.

१९ फेब्रुवारी
मोटर बसली. गाडी मागे गेली. कुंडी फुटली. वायरी मी सांगितल्या तशाच जोडल्या होत्या. मोटरच उलट्या स्वभावाची. मेकॅनिकने दोन वायरी अदलाबदल केल्या आणि हसला. दात किडलेत मेल्याचे.

२४ फेब्रुवारी
चालली! बाजारात जाऊन भाजी घेऊन परत. ना धूर, ना आवाज. समोरची म्हणाली, वहिनी, तुम्ही इंजिनिअरच व्हायला हवं होतं. ती मठ्ठ आहे, पण हे बरोबर बोलली.

२ मार्च, रविवार
दुपारी हे कुठे दिसेनात. गाडीही नाही. पूर्वी किक मारली की फडताळातली भांडी वाजायची. आता कळतच नाही.
चार वाजता फोन. वन्संच्या दारात पोचले आणि बॅटरी संपली. चार्ज व्हायला अख्खी दुपार लागते म्हणे. पूर्वी चहा घेऊन तासाभरात घरी असायचे.

९ मार्च, रविवार
पुन्हा गेले. ढग होते, सोलरवर बॅटरी भरली नाही. मुक्काम. फोनवर म्हटलं, घरातल्या प्लगला लावा की.
तर म्हणाले, "अगं, तूच सांगतेस ना, फुकट मिळतंय तिथे बिल कशाला वाढवायचं? ताईलाही पटलं." मागून वन्सं हसल्या. पहिल्यांदाच त्यांना माझं काही पटलं.
दोघांची भाजी एकटीने संपवली. टाकायची नाही म्हणून.

१२ मार्च
मेकॅनिककडे सहज चौकशी केली. मोठी बॅटरी आता बसत नाही. "काकू, तुम्हीच जागा कमी ठेवायला लावलीत." उद्धट.
येताना भंगारवाल्याकडेही सहज डोकावले. इंजिन वितळवायला गेलं.

१६ मार्च, रविवार, सकाळ
आभाळ भरून आलंय. म्हटलं, आज नका जाऊ, पाऊस येईल. म्हणाले, येऊ दे, ताईने खोली लावून ठेवली आहे. पिशवीत लेंगा, दाढीचं सामान आणि माझ्याच हातचं लोणचं. वन्संना आवडतं म्हणे. मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं.

दुपार
माळ घेऊन दारात बसले आहे. गाडी आली तरी ऐकू येणार नाही, म्हणून रस्त्याकडे बघत बसावं लागतं. जपात लक्ष नाही.
इतक्या वर्षांत वन्संसाठी देवाकडे काही मागितलं नव्हतं. आज मागितलं. देवा, त्यांच्या छपरावर कडक ऊन पडू दे.